विचारायचं की मागायचं?

तर झालं असं, की मी एका इंग्रज बाईला मेलमधून चक्क दम दिला.

विश्वास ठेवा, मला दम वगैरे द्यायचा नव्हता. मी साताऱ्याकडची. रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हटलं की 'असू दे काका' म्हणून उतरणारी. हॉटेलात भाजी खारट निघाली तर वेटरला न सांगता दोन ग्लास पाणी जास्त पिणारी. पण 2016 च्या जूनमध्ये माझ्या हातून हे घडलं, आणि त्याला कारण एक क्रियापद. साधं, पहिलीच्या पुस्तकातलं. 'आस्क'.

हिंजवडीतल्या एका कंपनीत मला चिकटून दहा महिने झाले होते. क्लायंट इंग्लंडमधला. तोवर आमचे सगळे मेल्स टीम लीडच्या नावाने जायचे. त्या आठवड्यात तो रजेवर निघाला आणि जाताजाता म्हणाला, "डॉक्युमेंटमधले सात मुद्दे क्लिअर नाहीयेत. तू डायरेक्ट मेल टाक." डायरेक्ट! मी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये रूममेटला स्वतःच्या पैशाने सँडविच खायला घातलं. पहिला क्लायंट मेल म्हणजे काय चीज असते, ते ज्यांनी लिहिलाय त्यांनाच कळेल.

मेल लिहायला बसले. पहिल्या मुद्द्याला लिहिलं 'आस्क'. दुसऱ्याला पुन्हा 'आस्क'. तिसऱ्याला हात अडखळला. शाळेत आमच्या बाई निबंधाच्या वहीत लाल पेनाने लिहायच्या, 'एकच शब्द पुन्हा पुन्हा नको, शब्दसंपत्ती दाखवा.' मी शब्दसंपत्ती दाखवायला घेतली. वर्डमध्ये 'आस्क'वर कर्सर ठेवला, शिफ्ट आणि एफ-7 दाबलं. समानार्थी शब्दांची यादी समोर हजर. त्यात एक चेहरा एकदम ओळखीचा दिसला. 'डिमांड'.

हा शब्द मला का ओळखीचा वाटला, ते सांगते. माझी अकरावी-बारावी कॉमर्सची, मराठी माध्यमातून. अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'मागणी' शब्दाच्या शेजारी कंसात इंग्रजीत डिमांड, आणि 'पुरवठा'च्या शेजारी सप्लाय. दोन वर्षं घोकलेलं. मागणी म्हणजे डिमांड, मग मागणे म्हणजे टू डिमांड. हिशेब सोपा. मी लिहिलं, 'वुई डिमांड युअर क्लॅरिफिकेशन ऑन पॉइंट्स थ्री टू सेव्हन.' पुन्हा वाचलं. काय भारदस्त वाटलं! सेंड.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी सातही मुद्द्यांची नीट उत्तरं दिली होती. शेवटी फक्त एक ओळ होती. 'डिमांड' हा शब्द वाचून त्यांना थोडंसं आश्चर्य वाटलं, असं म्हटलं होतं. आणि सीसीमध्ये आमचे डिलिव्हरी मॅनेजर.

मला वाटलं, थोडंसं आश्चर्य म्हणजे थोडंसं आश्चर्य. टीम लीड रजेवरून आला तेव्हा कळलं, की इंग्रज माणसाला 'थोडंसं आश्चर्य' वाटणं म्हणजे आपल्याकडे कुणी जेवणाच्या ताटावरून उठून जाणं. त्याने मला काचेच्या मीटिंग रूममध्ये नेलं. सगळा फ्लोअर बघतोय. "तू त्यांना प्रश्न विचारत होतीस की खंडणी मागत होतीस?"

पुढचे तीन महिने माझा प्रत्येक मेल आधी त्याच्याकडे जाणार, मग क्लायंटकडे, असं ठरलं. सोमवारच्या कॉलवरची माझी जागा माझ्याच बॅचच्या एका मुलीला मिळाली. ती पुण्यातल्या कॉन्व्हेंटमधली. तिचा काही दोष नव्हता, बिचारी मला सॉरीसुद्धा म्हणाली. पण त्या रात्री वाकडच्या फ्लॅटवर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. वाटलं, कोड आपण तिच्याइतकाच चांगला लिहितो. फक्त 'मागायचं कसं' ते आपल्याला कुणी शिकवलं नाही.

एका 'आस्क'मागे किती मराठी?

रडून झाल्यावर माणूस विचार करायला लागतो. मला पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की 'आस्क' हे एक क्रियापद नाहीच. आपल्यासाठी ती दोन आहेत. आपण माहिती विचारतो आणि वस्तू मागतो. रस्ता विचारतो, पाणी मागतो. ही दोन कामं मराठीत इतकी वेगळी आहेत की त्यांची गल्लत दोन वर्षांचं पोरही करत नाही. इंग्रजी दोन्हीला 'आस्क' म्हणते आणि फरकासाठी मागे एक चिमुकला 'फॉर' चिकटवते. 'आस्क द वे', पण 'आस्क फॉर वॉटर'. म्हणजे मला मुळात डिमांडची गरजच नव्हती. 'फॉर' पुरेसा होता.

आणि आपलं भांडार तरी केवढं! मी एका कागदावर लिहीत गेले. विचारणं, मागणं, विनंती करणं, विनवणं, आर्जव करणं, गळ घालणं, हट्ट धरणं, साकडं घालणं, तगादा लावणं, जाब विचारणं, हात पसरणं, पदर पसरणं. आता यातला कुठलाही शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा. बँकेत जाऊन मॅनेजरकडे लोनसाठी 'हट्ट धरला' असं कुणी म्हणेल? पोरगं आईकडे आइस्क्रीमसाठी 'अर्ज करतं' का? आणि 'मागणी' शब्द जरा जपूनच. नुसती केली तर युनियनवाले, आणि घातली तर थेट लग्न!

ही समज आपल्याला कुणी शिकवलेली नसते. गळ दोस्ताला घालायची, साकडं देवाला, तगादा उधारी बुडवणाऱ्याला. समानार्थी शब्दांच्या यादीत हे सगळे एका रांगेत उभे असतात, युनिफॉर्म घातल्यासारखे. पण प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असते. कुणी, कुणाकडे, कोणत्या जोरावर मागायचं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. मराठीतल्या चिठ्ठ्या आपण न वाचता ओळखतो. इंग्रजीतल्या वाचाव्या लागतात. मी न वाचताच पाकीट पुढे सरकवलं होतं.

दुसरी एक गंमत कळायला अजून थोडे दिवस लागले. मराठीत आपण नम्रपणा क्रियापदाच्या शेपटीत ठेवतो. 'पाणी दे', 'पाणी देतोस का', 'पाणी देशील का', 'पाणी द्याल का', 'पाणी मिळेल का', 'पाणी मिळालं तर बरं होईल'. बघा, वेगळं 'प्लीज' कुठेच लागलं नाही. 'कृपया' आपल्याकडे असतं ते रेल्वेच्या अनाउन्समेंटमध्ये आणि 'कृपया चपला बाहेर काढाव्यात'च्या पाटीवर. घरात कुणी 'कृपया मीठ दे' म्हटलं तर आई आधी कपाळाला हात लावून ताप बघेल.

मग आपण इंग्रजी बोलायला जातो तेव्हा काय होतं? शब्द पोचतात, शेपटी तुटते. 'ती फाइल पाठवता का जरा' असं मनात असतं आणि मेलमध्ये उतरतं 'सेंड द फाइल.' आपल्या डोक्यात तो 'जरा' असतो, 'ता का' असतं. समोरच्याला फक्त हुकूम दिसतो. आणि 'आय हॅव अ डाउट'? आपल्याकडे शंका वर्गात हात वर करून विचारायची असते. गोऱ्या साहेबाला वाटतं, आपण त्याच्या बोलण्यावर संशय घेतोय. साध्या 'क्वेश्चन'ने भागलं असतं. पण 'आय क्वेश्चन्ड माय मॅनेजर' असं लिहू नका बरं. त्याचा अर्थ मॅनेजरला जाब विचारला. नाम म्हणून गरीब असलेला शब्द क्रियापद झाला की बाह्या सरसावतो.

जोगवा

एकदा हात पोळला की माणूस ताकही फुंकून पितं. मी तर फ्रीजमधलं ताक फुंकायला लागले. माझे पुढचे मेल्स बघाल तर हसाल. 'आय हम्बली रिक्वेस्ट यू टू काइंडली, इफ पॉसिबल...' एका वाक्यात 'काइंडली' दोनदा, 'जस्ट' तीनदा, आणि शेवटी 'सॉरी फॉर द ट्रबल'. त्यातून 'रिक्वेस्ट'नंतर मी 'फॉर' लावायचे ते वेगळंच. 'आय रिक्वेस्ट फॉर ॲक्सेस.' जिथे 'फॉर' हवा होता तिथे लावला नाही, आणि जिथे नको तिथे लावला. 'रिक्वेस्ट' नाम असेल तर 'अ रिक्वेस्ट फॉर ॲक्सेस' बरोबर. क्रियापद असेल तर 'फॉर' नको.

पण व्याकरण सोडा. खरी गडबड वेगळीच झाली. आम्हाला टेस्टिंगसाठी एका सर्व्हरचा ॲक्सेस हवा होता. तो नसता तर काम ठप्प. मी माझ्या नव्या नम्र शैलीत मेल टाकला. 'व्हेनेव्हर यू गेट टाइम' असंही लिहिलं. दोन दिवस काही नाही. पुन्हा तसाच मेल, अजून एक 'काइंडली' वाढवून. नऊ दिवस गेले. रिलीज घसरली. कॉलवर तिकडून प्रश्न आला, हे अर्जंट आहे असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आणि ते खरं होतं. माझ्या मेलमध्ये सगळं होतं. माफी होती, आभार होते. काय हवंय आणि कधीपर्यंत, ते मात्र चौथ्या ओळीत कुठेतरी तोंड लपवून बसलं होतं.

टीम लीड या वेळी ओरडला नाही. नुसता म्हणाला, "आधी तू खंडणी मागत होतीस. आता जोगवा मागतेस. मधलं काही येत नाही का तुला?"

अण्णांची शिडी

मधलं काही मला सापडलं ते पुण्यात नाही. गणपतीला घरी गेले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. रिटायर होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. इंग्रजीशी त्यांचा संबंध पेपरात येणाऱ्या शब्दांपुरता. मी आईला माझी रडकथा सांगत होते, आणि मोदकाची पारी करण्यात तिचं अर्धं लक्ष नव्हतं. अण्णा मात्र ऐकत होते. म्हणाले, "मग यात अवघड काय आहे? कागद कुठून कुठे चाललाय ते आधी बघायचं."

आणि त्यांनी मला कचेरीची शिडी समजावली. खालच्या ऑफिसकडून वरच्या ऑफिसला कागद जातो तेव्हा तो 'सविनय सादर' होतो. बरोबरीच्या ऑफिसला 'पाठवण्यात येतो'. वरून खाली येतो तेव्हा 'कळविण्यात येते', जास्तच झालं तर 'सक्त ताकीद देण्यात येते'. "वरचं नाव झाकून ठेव आणि नुसतं क्रियापद वाच," अण्णा म्हणाले, "कोण कुणाला लिहितंय ते कळतं. बदलीची ऑर्डर 'सादर' करत नाहीत आणि रजेचा अर्ज 'कळवत' नाहीत."

मला शाळेतले पत्राचे मायने आठवले. वडिलांना 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मित्राला 'स. न. वि. वि.', तिथे साष्टांगाच्या जागी सप्रेम. धाकट्याला 'अनेक उत्तम आशीर्वाद'. पाच मार्कांसाठी पाठ केलेलं ते. पण बघा ना, वडील असोत की मित्र, 'विनंती' दोन्हीकडे आहे. बदलतो तो फक्त नमस्कार. आपण कुठे उभे आहोत ते आधी सांगायचं, मग काम.

मग अण्णांनी एक किस्सा सांगितला. एक शेतकरी वारसनोंदीचा अर्ज घेऊन आला होता. वडील वारलेले, सातबारावर मुलांची नावं लागायची होती. अर्ज कुणाकडून तरी लिहून आणलेला. 'मायबाप सरकार, गरिबाने पदर पसरला आहे' वगैरे. अण्णांनी तो परत केला आणि कोरा कागद देऊन दुसरा लिहायला लावला. मृत्यूची तारीख, गट नंबर, वारसांची नावं, आणि शेवटी 'तरी वारसांची नोंद व्हावी, ही विनंती.' शेतकरी घाबरला. एवढ्याने काम होईल का? अण्णा त्याला म्हणाले होते, "वडिलांच्या जमिनीवर मुलाचं नाव लागणं हा तुझा हक्क आहे. हक्काच्या गोष्टीसाठी पदर पसरायचा नाही. आणि हक्काची आहे म्हणून आवाजही चढवायचा नाही. काय हवंय ते नीट लिहायचं."

मी मोदकाची पारी हातात धरून बसले होते. माझे दोन्ही मेल्स डोळ्यांसमोर आले. एकात आवाज चढवला होता, दुसऱ्यात पदर पसरला होता. नीट लिहिलं कुठेच नव्हतं.

खजिन्यातले तीन कप्पे

पुण्याला परतल्यावर मी यादीच्या मागे लागले. समानार्थी शब्दांच्या इंग्रजी कोशाला 'थिसॉरस' म्हणतात. मूळ ग्रीक शब्द, अर्थ खजिना. पीटर मार्क रॉजे नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1805 मध्ये स्वतःसाठी असा एक कोश तयार केला आणि पुढे वाढवून 1852 मध्ये छापला. त्याने शब्द अक्षरांच्या क्रमाने न लावता अर्थांच्या घराण्यांनी लावले. आणि वाचून मी उडाले ते याने, की त्याने आपल्या ग्रंथाआधी असा प्रयत्न कुणी केला ते नोंदवताना सगळ्यात जुना म्हणून आपल्या अमरकोशाचं नाव घेतलंय! आपल्या पणजोबांच्या पिढीत पोरं जो अमरकोश बसून पाठ करायची, तोच.

पण खजिन्यात हात घालायचा तर कप्पे माहीत हवेत. इंग्रजीत साधारण तीन आहेत. 'आस्क' जुना, घरचा. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि राज्य करणाऱ्यांची भाषा फ्रेंच झाली. त्या वाटेने 'डिमांड' आला, 'रिक्वेस्ट' आला, 'क्वेश्चन' आला. पंडितांच्या लॅटिनमधून 'इंटेरोगेट' आला, ज्याचा आज पोलीस ठाण्यात मुक्काम आहे. घरचा शब्द आखूड आणि मोकळा. दरबाराचा जरा ताठ. पंडितांचा थंडगार. मराठीतही असंच नाही का? घरात आपण 'विचारतो', अरबी-फारसीकडून आलेला 'सवाल' भर सभेत करतो, आणि संस्कृत थाटाची 'पृच्छा' करणारा माणूस बहुतेक टिंगल करत असतो.

यातला सगळ्यात मोठा विनोद माझ्या शत्रूचाच. फ्रेंचमध्ये 'दमाँदे' म्हणजे नुसतं विचारणं किंवा मागणं. अगदी साधं, रस्ता विचारण्याइतकं. तोच शब्द इंग्लंडमध्ये येऊन दरडावायला लागला. म्हणजे मी पॅरिसच्या क्लायंटला फ्रेंचमधून तोच मेल लिहिला असता तर कुणाच्या भुवया हलल्या नसत्या. शब्दांचंही माणसांसारखंच. गावात शहाणा असलेला पोरगा शहरात जाऊन काय दिवे लावेल, सांगता येत नाही.

आणि 'एन्क्वायर'? ब्रिटनमध्ये साध्या विचारपूशीला बहुतेक 'ई'ने सुरू होणारा 'एन्क्वायरी' लिहितात आणि रीतसर तपासाला 'आय'ने सुरू होणारा. आपली 'चौकशी' मात्र दोन्हीकडे चालते. काकू तब्येतीची चौकशी करतात आणि लाचलुचपतवालेही चौकशीच करतात. कधीकधी काकूंचीच जास्त कडक असते!

हळूहळू मी मेल लिहायच्या आधी स्वतःला तीन गोष्टी विचारायला लागले. मला माहिती हवी आहे की वस्तू? द्यायची की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर आहे का? आणि मी शिडीच्या कुठल्या पायरीवर आहे? माहिती हवी असेल तर 'आस्क'. वस्तू हवी असेल तर 'आस्क फॉर', रीतसर कागद असेल तर 'रिक्वेस्ट'. समोरच्याची मर्जी असेल तर पुढे 'कुड यू'. आणि 'डिमांड'? तो मी ठेवलाय जपून, फ्लॅटचं डिपॉझिट न देणाऱ्या मालकासाठी. सगळ्यात मोठा शोध मात्र हा, की एका मेलमध्ये 'आस्क' पाच वेळा आला तरी कुणी मार्क कापत नाही. निबंधाच्या वहीतला लाल पेन मी दहा वर्षं उगाच डोक्यात घेऊन फिरत होते.

चौथा ड्राफ्ट

हे सगळं समजलंय असं मला वाटत होतं, 2019 च्या जानेवारीपर्यंत.

अण्णांना चालताना धाप लागायला लागली. अँजिओग्राफी झाली, तीन ठिकाणी ब्लॉकेज. डॉक्टर म्हणाले, बायपास, फार थांबू नका. भाऊ दुबईत. आईला एकटीने बँकेतसुद्धा जायची सवय नाही. मला चार आठवडे रजा हवी होती, आणि आमची वर्षातली सगळ्यात मोठी रिलीज बरोबर त्याच चार आठवड्यांत. मी तोवर मॉड्यूल लीड झाले होते. मार्चमध्ये अप्रेझल.

रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडला. पहिला ड्राफ्ट, 'आय बेग टू स्टेट...' हे कुठून आलं देव जाणे, बहुतेक शाळेतल्या अर्जातून. पुसलं. दुसरा ड्राफ्ट दहा ओळींचा, 'रिक्वेस्ट', 'काइंडली कन्सिडर', 'आय नो द टायमिंग इज बॅड', 'सॉरी'. जोगवा. तोही पुसला. मग राग आला. तीन वर्षं शनिवार-रविवार दिलेत या कंपनीला. तिसऱ्या ड्राफ्टमध्ये लिहिलं, मी रजेवर जातेय, आणि तो माझा हक्क आहे. वाचलं. कागद वरून खाली चालला होता. सक्त ताकीद.

मग अण्णांचा तो कोरा कागद आठवला. मृत्यूची तारीख, गट नंबर, वारसांची नावं, विनंती. इथे गट नंबर काय? मी लिहिलं, की माझ्या वडिलांची बायपास 14 तारखेला आहे. मी 11 तारखेपासून चार आठवड्यांची रजा मागतेय. 'आय ॲम आस्किंग फॉर फोर वीक्स ऑफ लीव्ह.' खाली तीन ओळीत कुठलं काम कोणाकडे देता येईल ते. संपलं. 'रिक्वेस्ट' नाही, 'बेग' नाही, 'डिमांड' नाही. साधा, घरचा 'आस्क', मागे त्याचा तो चिमुकला 'फॉर'.

सेंड दाबताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू? साधा शब्द वापरला की लपायला जागा उरत नाही. मोठ्या शब्दामागे आपण उभे राहू शकतो. 'आस्क'मध्ये माणूस समोर येतो, काय हवंय ते सांगतो आणि उत्तराची वाट बघतो. उत्तर 'नाही' असू शकतं. डिमांडला ते 'नाही' ऐकायचं नसतं आणि जोगव्याने ते आधीच धरलेलं असतं.

सकाळी उत्तर आलं. रजा मंजूर. दोन कामं कोणाकडे द्यायची यावर एक प्रश्न होता. आणि अण्णांना शुभेच्छा. अप्रेझलमध्ये फार काही मिळालं नाही, पण त्याला दुसरीही कारणं होती, ती पुन्हा कधीतरी.

ऑपरेशन नीट झालं. आयसीयूमधून खोलीत आणल्यावर दुसऱ्या रात्री मी त्यांच्याजवळ होते. आता आमचे अण्णा म्हणजे कुणाकडे काही मागितलेला माणूस नाही. जेवताना भाजी संपली तरी 'वाढ' म्हणत नाहीत, आईने ताटाकडे बघून ओळखायचं. रात्री तीनच्या सुमाराला बघितलं तर ते जागे होते, टेबलावरच्या तांब्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. मी उठले नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "जरा पाणी देतेस का गं?"

मी नर्सला किती द्यायचं ते विचारून आले आणि चमच्याने पाणी दिलं. ते म्हणाले, "झोप आता."

हल्ली आमच्या टीममध्ये नवीन पोरं येतात. त्यांचे मेल्स त्यांच्याआधी एआयने वाचलेले असतात. व्याकरण चकाचक. तरी अधूनमधून एखादी जण येते, लॅपटॉप पुढे करते आणि विचारते, "मॅम, इथे 'आस्क' बरं दिसेल की दुसरा एखादा चांगला शब्द टाकू?"

मी खुर्ची सरकवून तिला जागा देते आणि विचारते, "आधी सांग, तुला नक्की हवंय काय?"